अख्खी कॉफी

विमलाला अख्खी कॉफी पिताना मी सव्वीस वर्षांत एकदाच पाहिलं, आणि तेही माझ्या रागापायी.

राग माझ्या नाकावरच असतो, त्यात लपवायचं काय? मी साताऱ्याची. मिस्टर इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर, म्हणून बेंगळुरात, राजाजीनगरात आले आणि त्यांच्या माघारीही इथेच राहिले. दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. जिन्यात माझ्या चपला वाजल्या की घरातला टीव्ही बंद होतो, हे मी चारचौघींत मिरवून सांगायची. घरात धाक पाहिजे की नको? माझी लेक ईरा बत्तीस वर्षांची झाली, बेळ्ळंदूरच्या ऑफिसात तिच्या हाताखाली चौदा माणसं आहेत, पण आईची पावलं अजून ओळखते. मला त्याचं फार कौतुक होतं.

विमला म्हणजे मागच्या गल्लीतल्या हयवदनरावांची बायको. नावापुरते मराठी लोक. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. पहिल्या भेटीत तिचं मराठी ऐकून मी पदर तोंडाला लावला होता. "या की, बसा की. स्वल्प कॉफी करते, सरी?" मला वाटलं, ही बाई चेष्टा करतेय. पण नाही, तिच्या घरात असंच बोलतात, 'बरं'ला कानडी 'सरी' म्हणत. मी तिला दोन-चारदा सुधारायला गेले, तर शांतपणे म्हणाली, "तुझं तुला, माझं मला. समजलं की झालं ग."

ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. एकतीस वर्षं. कानाला हेडफोन लावून तिनं गावोगावचे ट्रंक कॉल जोडले. लाइन जुळली की नाही हे बघायला ऑपरेटरला दोन शब्द ऐकावेच लागायचे म्हणे. त्या दोन-दोन शब्दांत हिला अर्ध्या शहराची लग्नं, बाळंतपणं, मयतं आणि भानगडी कळल्या असणार. पण एक अक्षर कधी बाहेर पडलं असेल तर शपथ! मी किती खोदून विचारलं. "सांग की ग एखादी. आता कोण विचारतंय?" तर म्हणायची, "लाइन दुसऱ्यांची ग. मी फक्त जोडलेली." अजूनही तिच्यासमोर कुणाचा फोन वाजला की ही उठून गॅलरीत जाऊन उभी राहते. माझ्या घरी, माझा भाजीवाल्याचा फोन असला तरी.

मिस्टर दवाखान्यात होते ते अकरा दिवस ती रोज सकाळी सातला डबा घेऊन यायची. डॉक्टर काय म्हणाले, हे तिनं एकदाही विचारलं नाही. मी सांगितलं तर ऐकून घ्यायची, नाही सांगितलं तर डब्याची झाकणं उघडून ठेवायची. तिला मूलबाळ नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि मी, एवढी तोंडाळ बाई, मीही कधी विचारलं नाही. सव्वीस वर्षांत तेवढं एक शहाणपण मी सांभाळलं होतं.

दर शनिवारी सकाळी नऊला आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या हॉटेलात जातो. जायचो. इथे एक चांगली पद्धत आहे, बाय-टू म्हणून. एक कॉफी सांगायची आणि वेटर ती दोन पेल्यांत अर्धी-अर्धी करून आणतो. कुणी चिक्कू म्हणून हसत नाही. चांगली गाडीतून उतरणारी माणसंही बाय-टू सांगतात. आमचं तर सगळंच बाय-टू. एक प्लेट चौचौ भात मागवायचा. त्यात एक मूद तिखट खारा भाताची आणि एक गोड केसरी भाताची असते. खारा माझा, केसरी तिचा. मग एक कॉफी दोघींत. अख्खी कॉफी विमलाला झेपतच नाही. प्यायली तर दिवसभर छातीत जळजळ. मंजुनाथ नावाचा वेटर तिथे पंधरा वर्षं आहे, मिशा पांढऱ्या झाल्या त्याच्या. आम्ही बसलो की न विचारता एक प्लेट आणून मध्ये ठेवायचा.

आता मुळाशी येते. ईराचं एक लग्न झालं होतं. चार वर्षांपूर्वी, पुण्यात, ऑफिसातल्याच एका मुलाशी, नोंदणी पद्धतीनं. सात महिन्यांत मोडलं. दोघांनी समजुतीनं सह्या केल्या आणि विषय संपला. बेंगळुरात ही गोष्ट आम्हा मायलेकींखेरीज फक्त विमलाला माहीत होती. बाकी कुणाला कळू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. का म्हणजे? लोक काय म्हणतील ते मला ठाऊक नाही होय?

यंदा कोल्हापूरचं एक स्थळ आलं. मुलगा शुभंकर, इथेच नोकरीला. दोनदा भेटले, ईरा कधी नव्हे ती आरशासमोर उभी राहायला लागली. ती म्हणाली, "आई, मी त्याला सगळं सांगते." मी म्हटलं, खबरदार! साखरपुडा होऊ दे, मग मी माझ्या पद्धतीनं सांगेन. ती ऐकेना, तेव्हा मी तिचा हात ओढून माझ्या गळ्यावर ठेवला. "तोंड उघडलंस तर माझ्या गळ्याची शपथ." ती गप्प झाली. मला वाटलं, मिटलं.

मग मुलाच्या आईचा फोन. आपल्याकडे चौकशी असतेच. म्हणाल्या, "तिथल्या ओळखीच्या एखाद्या घराचा नंबर द्या, म्हणजे आम्हालाही बरं." आणि मी कुणाचा नंबर द्यावा? विमलाचा! एकतीस वर्षं जिच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही, तिच्याइतकं खात्रीचं घर कुठलं? मी स्वतःच्या हातानं नंबर दिला हो, आणि ईरालाही ऐटीत सांगितलं. अजून आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

गुरुवारी त्यांनी विमलाला फोन केला. शुक्रवारी संध्याकाळी मला. आवाज एकदम बदललेला. "ईराचं आधी लग्न झालं होतं, असं तुमच्या मैत्रीण म्हणाल्या. खरं का?" माझ्या पायांखालची जमीनच सरकली. पण मी काय कच्ची आहे? म्हटलं, "छे हो! विमलाचं हल्ली डोकं जागेवर नसतं. वय झालं, माणसं एकमेकांत मिसळते. दुसऱ्याच कुणाच्या मुलीचं सांगितलं असेल. तीच तुम्हाला फोन करून सांगेल." त्या म्हणाल्या, "बरं. उद्या बारा वाजता मी पुन्हा फोन करते." बस, तेवढीच मुदत होती. बाराच्या आत विमलानं शब्द फिरवला तर स्थळ राहणार, नाही तर गेलं.

शनिवारी मी नऊला दहा कमी असतानाच जाऊन बसले. विमला आली, पिशवी खुर्चीला अडकवली. मंजुनाथ प्लेट घेऊन निघालेला दिसला तशी मी हात वर केला.

"मंजुनाथ, आज बाय-टू नको. दोन प्लेट आण. कॉफी पण दोन, फुल. सगळं वेगवेगळं."

तो प्लेट हातात धरून विमलाकडे बघायला लागला. ती म्हणाली, "सरी, तिला पाहिजे तसं आण." त्यानं दोघींपुढे एकेक प्लेट ठेवली.

शनिवारी सकाळी त्या हॉटेलात टेबल कुणाच्या मालकीचं नसतं. रिकामी खुर्ची दिसली की माणूस येऊन बसतो. आमच्यासमोरही एक गृहस्थ कानडी पेपर उघडून इडली खात बसले होते. त्यांचा काय अडसर? मराठी कुणाला कळतंय, म्हणून मी तोंड सोडलं.

"कोल्हापूरला फोन लाव."

"कशाला ग?"

"कशाला? वर तोंड करून विचारतेस? माझ्या पोरीचं जमत आलेलं स्थळ मोडायला निघालीस आणि कशाला?"

"इतका राग कशाला करतीस? स्वल्प पाणी पी."

"पाणी गेलं खड्ड्यात! आत्ता फोन करायचा. म्हणायचं, माझी गफलत झाली, ईराचं नव्हे, दुसऱ्या मुलीचं सांगितलं. मी त्यांना तसं बोलून ठेवलंय."

"काय बोलून ठेवलीस?"

"की तुझं डोकं चालत नाही हल्ली. विसरतेस, म्हणून."

केसरी भाताचा चमचा तिनं प्लेटच्या कडेला ठेवला. "माझं डोकं चालत नाही म्हणालीस?"

"मग काय म्हणू? माझी मैत्रीण घरभेदी आहे म्हणू?"

"त्यांनी विचारलं, मी खरं होतं ते सांगितलं. आता खोटं म्हणून फोन करणार नाही ग. नाही म्हणजे नाही."

"एकतीस वर्षं तोंडात मूग धरून बसलीस, आणि नेमकी माझ्याच वेळी वाचा फुटली तुला? हयवदनरावांनी तुझ्यासाठी कधी कुणापुढे शब्द टाकला नसेल, पण मी टाकलाय. त्या कॉलनीतल्या भिशीत, देवळात, जिथे म्हणशील तिथे. तुझं मराठी ऐकून लोक हसायचे तेव्हा मी गप्प केलंय त्यांना."

हे धादांत खोटं होतं. हसणाऱ्यांत मी पहिली होते. विमलाला ते माहीत होतं, पण तिनं मान वरसुद्धा केली नाही.

तेवढ्यात समोरच्या गृहस्थांनी पेपर खाली केला आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "ताई, तो पाण्याचा जग जरा इकडं देता?"

मेला! सगळं ऐकत होता. मी जग त्याच्यापुढे आदळला. पाणी सांडलं. विमलानं आपल्या रुमालानं टेबल पुसलं, आणि ते बघून माझं टाळकं आणखीनच सरकलं. अशा वेळी समोरच्या माणसानं भांडावं तरी. ही बाई टेबल पुसते!

घड्याळात साडेनऊ होऊन गेले होते. मी आवाज खाली आणला, म्हणजे जमेल तितका. म्हटलं, "विमला, पाया पडू का तुझ्या? एक फोन. दोन वाक्यं. माझ्या पोरीचा संसार उभा राहील."

"नको ग. असलं मागू नको."

"का पण? तुझं काय जातंय?"

तिनं ओल्या रुमालाची घडी घातली.

आणि मग मी ते बोलले. "तुला काय कळणार! पोटी पोर असतं तर कळलं असतं."

समोरच्या गृहस्थांनी पेपराची घडी केली, अर्धी इडली तशीच ठेवली आणि उठून गेले. विमला तिच्या केसरी भाताकडे बघत बसली. मला कळत होतं मी काय बोलले ते. पण तोंडातून गेलेलं परत कसं घेतात, हे मला कधी जमलेलंच नाही. उलट असल्या वेळी मी आणखी ताठ बसते. तशी बसले.

मंजुनाथ दोन फुल कॉफी घेऊन आला. वातावरण तापलंय हे त्याला दिसत होतं, म्हणून बिचारा काहीतरी गोड बोलायला गेला. कानडीतच बोलतो तो. एवढ्या वर्षांत मला कानडी समजतं, बोलताना माझी फजिती होते ते सोडा. त्यानं मला विचारलं, "अम्मा, ईरा मॅडमना आता बरं आहे ना? बुधवारी संध्याकाळी या विमला अक्कांबरोबर याच टेबलावर बसल्या होत्या. फार रडत होत्या. डोसा तसाच टाकून गेल्या."

विमला झटकन म्हणाली, "मंजुनाथ, सरी, तू जा."

तो गेला. मी विमलाकडे बघत राहिले. बुधवारी संध्याकाळी ईराचा मला फोन आला होता: "आई, बेळ्ळंदूरला ट्रॅफिकमध्ये अडकलेय, तू जेवून घे." मी त्या ट्रॅफिकला मनसोक्त शिव्या घालून जेवले होते. आणि पोरगी इथे, घरापासून चार मिनिटांवर, या टेबलावर रडत होती. बुधवारी. कोल्हापूरचा फोन विमलाला गुरुवारी आला.

"ईरानं सांगायला लावलं तुला?"

तिनं कॉफीचा पेला जवळ ओढला.

"विमला, मी काय विचारतेय?"

"कळलंच आहे तुला, मग परत कशाला विचारतीस?" ती म्हणाली. "तू तिला गळ्याची शपथ घातलीस. ती बोलणार कशी? 'मावशी, त्यांचा फोन आला तर तू सांग, मला खोटं घेऊन त्या घरात जायचं नाही,' म्हणाली. मी नाही म्हटलं होतं ग पहिल्यांदा. मग रडायला लागली. आईला सांगू नको म्हणाली, ते मी कबूल केलं."

"अग पण मला का नाही सांगितलं तिनं? मी काय वैरीण आहे तिची?"

विमलानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुला सांगायला कोण येईल ग, प्रेमा?"

मी माझ्या प्लेटमधला खारा भात उगाच चमच्यानं सारखा केला.

तिनं कॉफीचा पेला उचलला आणि प्यायला सुरुवात केली. अर्ध्यावर आली, थांबली नाही. मी सवयीनं म्हटलं, "अर्धी ठेव, जळजळेल."

"वेगवेगळं सांगितलीस न? मग ही माझी." शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. पेला खाली ठेवला, खुर्चीची पिशवी काढली. "पुढच्या शनिवारी मी येणार नाही. फोन पण करू नको." आणि गेली. रस्ता ओलांडताना तिनं एक हात छातीवर धरलेला मला काचेतून दिसला. माझ्या पुढ्यातल्या कॉफीवर साय धरली होती.

माझ्या खुर्चीमागे दोन माणसं जागेसाठी उभी होती, शेवटी त्यांनीच खाकरून उठवलं. घरी जाताना मनात ईरासाठी एकेक वाक्य जमवत होते. मायलेकीतलं बाहेर नेलंस? हॉटेलात बसून रडतेस? मला फसवतेस? चांगली तयारी झाली होती. पहिला मजला झाला, वळण घेतलं, आणि वरून कुठल्याशा मालिकेतलं संभाषण ऐकू आलं. मी पुढच्या पायरीवर पाय ठेवला, चप्पल वाजली, आणि ते संभाषण अर्ध्यात बंद झालं.

मी जिन्यातच थांबले. हाच तो आवाज, म्हणजे आवाज बंद होणं, जे मी चारचौघींत हसून सांगायची. तिथे कठडा धरून उभी राहिले तेव्हा मला त्याची लाज वाटली. खरंच लाज वाटली.

दार उघडताना ईरानं आधी माझा चेहरा बघितला. लहानपणापासून तशीच बघते. मला वाटायचं, मायेनं बघते. "झालं खाऊन, आई?"

मी हो म्हटलं आणि सोफ्यावर बसले. ती समोर लॅपटॉप उघडून बसली, पण बोटं हलत नव्हती. दोघी घड्याळ बघत होतो. बारा वाजून तीन मिनिटांनी माझा फोन वाजला. कोल्हापूर.

"सुटली," मी म्हटलं.

"काय?"

"शपथ. सुटली म्हणतेय ना! ऐकू येत नाही का?" मेला आवाज तेव्हाही चढलाच. "घे. तूच बोल."

तिनं फोन घेतला, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. मी बाहेर बसून ऐकायचा प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. काही ऐकू आलं नाही. वीस मिनिटांनी ती बाहेर आली, डोळे लाल, पण खांदे सैल झालेले.

"पुढच्या रविवारी येतायत, आई. शुभंकर पण. लग्नाचं त्यांना काही वाटलं नाही म्हणे. काल तू उडवून लावलंस, त्याचं वाटलं. मी म्हटलं, आई घाबरली होती." मग तिनं विचारलं, "मावशीनं सांगितलं तुला?"

"नाही. मंजुनाथनं."

तिनं लगेच स्वतःचा फोन काढला आणि विमलाला लावला. तिला कळवायची घाई होती, आणि मला ते अडवायचा काय अधिकार? "मावशी, येतायत ग ते!" म्हणाली. पलीकडचं ऐकून हसली, डोळे पुसले. मग माझ्याकडे पाठ करून, आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, खरं सांग. आई तुला काही बोलली नाही ना?"

मी सोफ्याची कड घट्ट धरली. आता सगळं कळणार, म्हटलं. डोकं चालत नाही, ते. पोटी पोर असतं तर, ते. कळू दे. एकदाचं होऊन जाऊ दे.

ईरा वळली तेव्हा हसत होती. "आई, मावशी म्हणते, काही म्हणजे काही बोलली नाही. उलट तू आज तिला अख्खी कॉफी पाजलीस. बाय-टू नाही, चक्क फुल! खरं?"

मी हो म्हटलं. मग चपला अजून पायातच आहेत हे लक्षात आलं, आणि त्या काढायच्या निमित्तानं मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले.